ठिपक्याच्या आधी पोचलेली नजर

आमच्या प्रयोगशाळेत येणारा माणूस आधी माझ्या टेबलाशी येतो. मी त्याचं वय विचारते, चष्म्याचा नंबर विचारते, झोप नीट झाली का विचारते, आणि डोक्याला कधी मार लागलाय का तेही विचारते. हा शेवटचा प्रश्न काही जणांच्या नाकाला झोंबतो. झोंबू दे. आम्हाला धडधाकट माणसंच लागतात. धडधाकट माणसाचा डोळा समोरचं चित्र कसं बघतो, आधी कुठे जातो, तिथून कुठे उडी मारतो, हे मोजायचं, हा आमचा धंदा. "एवढंच?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. माझी थोरली जाऊ सतरा वर्षं विचारतेय, आणि तिला काही अजून मी पटवू शकलेली नाही.

तर मी नोंद करते, सह्या घेते आणि माणसाला आतल्या काळोख्या खोलीत ठिपकेकाकांच्या स्वाधीन करते. त्यांचं हे नाव कोणी पाडलं कोण जाणे. पडद्यावर ठिपके दाखवायचं काम करतात म्हणून पडलं असेल. वय त्रेसष्ट. खरं तर तीन वर्षांपूर्वीच त्यांनी घरी बसायला हवं होतं, पण आमच्या प्रमुख मॅडम दर वर्षी वरच्या ऑफिसात जाऊन भांडतात आणि काकांना एक वर्ष मागून आणतात. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात घडी घातलेलं मऊ फडकं, आणि आवाज असा की तापलेलं पोर निजावं.

खोलीत एक खुर्ची, तिच्यासमोर हनुवटी टेकवायचा आधार, कपाळासाठी पट्टी, पुढे पडदा आणि डोळ्यावर रोखलेला कॅमेरा. काका आधी फडक्याने आधार पुसणार, मग खुर्ची बोटबोट वरखाली करणार, आणि मग म्हणणार, "हनुवटी ठेवा. कपाळ लावा. आता डोकं आहे हे विसरा, डोळे तेवढे माझे." लोकांना हेच जमत नाही. डाव्या कोपऱ्यात ठिपका आला की आख्खी मान वळते. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनी तर खुर्चीसकट वळून दाखवलं. काका चिडत नाहीत. "पुन्हा करू," एवढंच. बेकरीत पहाटेपासून राबून आलेला एकजण त्या काळोखात हनुवटी ठेवल्या ठेवल्या घोरायला लागला, तर काकांनी त्याला वीस मिनिटं झोपू दिलं आणि मला येऊन सांगितलं, "यंत्र तापतंय म्हण पुढच्याला."

मला या विद्येतलं जे काही कळतं ते काकांनी डबा खाता खाता सांगितलेलं. नजर सलग सरकत नाही, उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. ठिपका दिसला की डोळा निघायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. धट्ट्याकट्ट्या माणसाचंही तसंच, त्यात काही करता येत नाही.

"आणि कोणाचा त्याहून फारच लवकर गेला तर?" मी विचारलं होतं.

"तर तो ठिपका बघून गेला नाही. ठिपका कुठे येणार हे धरून आधीच निघाला. तो आकडा आपण फेकून देतो."

रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आधी काका स्वतः त्या खुर्चीत बसायचे. नऊ जागी ठिपके यायचे, काका बघायचे, आणि त्यांच्या नजरेवरून यंत्राची वेळ जुळवली जायची. पडद्याला किती उशीर, कॅमेऱ्याला किती उशीर, सगळं काकांच्या डोळ्यांवरून ठरायचं. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "इतरांकडे महागडी उपकरणं आहेत, आमच्याकडे काका आहेत." काका त्यावर कानापर्यंत लाल व्हायचे.

आता काकूंबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. काकू पोस्टात काउंटरवर होत्या. मी त्यांना आधी ओळखत होते ते आवाजाने. संध्याकाळी सहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. "आमचे हे निघाले का? निघाले नसतील तर सांग, येताना चष्म्याचं दुकान गाठा, आज नाही उद्या म्हणत महिना काढलाय." बाई बोलायला लागली की समोरच्याने गप्प बसावं. काका स्वतःच हसत सांगायचे की चाळीस वर्षांच्या संसारात एकाही वादात आपण जिंकलेलो नाही, आणि नंतर नंतर आपण वाद घालायचो तो फक्त तिला बोलतं ठेवायला.

सव्वा वर्षापूर्वी काकूंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नऊ दिवसांनी दुसरा झटका आला आणि डावंही गेलं. डोळे तेवढे उरले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "नजर फिरते, पण समजून फिरते असं धरून चालू नका." काकांनी मान हलवली, बायकोला घरी आणलं आणि डॉक्टरांचं म्हणणं दाराबाहेरच ठेवलं. सकाळी पाचला उठून तिचं सगळं करायचं, कूस बदलायची, भरवायचं, मग दिवसाच्या बाईच्या हाती सोपवून कामावर यायचं. आल्यावर चेहरा असा की मी त्यांच्यापुढे गुपचूप चहा ठेवायची.

त्यांची लेक दोन तासांच्या अंतरावर राहते. एकुलती एक. तिला दोन लहान मुली, नोकरी, आणि दर शनिवारी इकडे धाव. तिला नाव ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आईला उचलताना बाबा एकदा पलंगाशी कोसळले, कमरेत लचक भरली आणि आठवडाभर त्यांनाच कोणीतरी उचलायची वेळ आली, तेव्हा तिने ठरवलं. आमच्या प्रयोगशाळेपासून बसने वीस मिनिटांवर एक शुश्रूषागृह आहे. एक जुनी परिचारिका चालवते, स्वच्छ आहे, माणसं मायेची आहेत. तिथे पुढच्या महिन्याच्या अखेरीला एक खाट रिकामी होणार होती.

त्यावरून बापलेकीत जे झालं ते काकांनी मला डबा न उघडताच सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, आईला आता कोण जवळ आहे ते कळत नाही. तुम्ही मात्र संपत चाललाय. एक गेली ती गेली, मला दुसरा नाही गमवायचा." काका म्हणाले, "तिला सगळं समजतं." लेक म्हणाली, "कशावरून?"

"समजत नसतं ना, तर मी पाठवलंही असतं," मला म्हणाले. "भिंत ती भिंत, इथली काय आणि तिथली काय. पण तिला समजतंय गं. परक्या खाटेवर पडून ती विचार करील की यांनी मला टाकली. ते मला सोसणार नाही."

"काका, तुम्हाला कसं कळतं की समजतं?"

"बघते माझ्याकडे."

माझ्या मनात लेकीचंच खरं होतं, उगाच खोटं कशाला सांगू.

याच सुमाराला आमच्याकडे एक विद्यार्थिनी संशोधनाला आली. तिला मी पहिल्याच आठवड्यात शंकाबाई म्हणायला लागले. तिला प्रत्येक गोष्टीची शंका. माझ्या रजिस्टरातल्या वयांची शंका, घड्याळाची शंका, चहात साखर घातली की नाही याचीसुद्धा. वर्षभर आमच्याकडे येणारी माणसं जरा मंद निघत होती. ठिपका आला तरी डोळा उशिरा हलायचा. मॅडमचं म्हणणं, लोक अंथरुणात फोन बघत बसतात, झोपा होत नाहीत. त्यावर मी दाराशीच लोकांना फैलावर घ्यायला लागले होते. बिचारा एक पोस्टमन शपथेवर सांगत होता की मी नऊ तास झोपून आलोय, आणि मी त्याला म्हटलं की चेहऱ्यावरून तसं दिसत नाही.

शंकाबाईने आकडे तारखेनुसार मांडले आणि मॅडमना विचारलं, "एका ठरावीक आठवड्यापासून आख्ख्या गावाचे डोळे एकदम कसे आळशी होतील?" मग तिने काकांच्या सकाळच्या नोंदी उघडल्या. तिथे सगळा उलगडा झाला. ठिपक्यांचा क्रम रोज नवा लावायचा असतो. त्याला चार-पाच मिनिटं लागतात. चौदा महिने काकांनी तो बदललाच नव्हता. रोज तेच नऊ ठिपके, त्याच क्रमाने. काकांच्या डोळ्यांना तो पाठ झाला होता. वरचा उजवा कोपरा उजळायच्या आधीच काकांची नजर तिथे जाऊन थांबायची. यंत्राला वाटायचं, वा, माझा काही उशीरच नाही. काकांचा आकडा फेकून द्यायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि मग मागून येणारा जो तो बिचारा मंद ठरायचा. एकच माणूस चौदा महिने रोज आधी पोचत राहिला, म्हणून आम्ही तीनशे बारा माणसांना आळशी ठरवलं होतं.

तो आठवडा म्हणजे काकू घरी आल्यानंतरचा काकांचा कामावरचा पहिला आठवडा. सोमवारी उशीर झाला म्हणून चार मिनिटं वाचवली, दुसऱ्या दिवशीही वाचवली, आणि मग ते अंगवळणीच पडलं.

मॅडमच्या खोलीत काका उभेच राहिले. "पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं," म्हणाले. "माझ्या जागी दुसरा माणूस बघा." मॅडम म्हणाल्या, "काका, बसा आधी. तुमच्या नोंदी रोजच्या रोज आहेत, त्यामुळे कितीने चुकलं ते मोजून सगळं सुधारता येईल. एकही माणूस फुकट जाणार नाही." पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते शंकाबाईच्या हातातला कागद बघत होते.

"मला कळलंच नाही गं," ते तिला म्हणाले. "मी मुद्दाम नव्हतो बघत आधी."

"मुद्दाम नसतंच ते. तुम्ही अर्धवट झोपेत असाल तेव्हाही नजर गेली असेल. पाठ झालं की जातेच."

"पण पाठ व्हायला आत कोणीतरी लागतं ना? ज्याला लक्षात राहतं असं?"

"हो काका. लक्षात न राहता आधी कसं जाणार?"

काका तो कागद घेऊन बाहेर आले आणि घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंकाबाईला गाठलं. जिने चौदा महिन्यांची चूक चव्हाट्यावर आणली, तिच्याकडेच गेले. मी विचारलंही, की हिच्याकडे कशाला, मॅडम आहेत की. तर म्हणाले, "ही मला सांभाळून घेणार नाही. मला अशीच पाहिजे."

बेत साधा होता. काकूंच्या नजरेलाही क्रम पाठ होतो का, ते बघायचं. जुना लॅपटॉप काकूंच्या पलंगावरच्या टेबलावर ठेवायचा. चार कोपऱ्यांत ठिपके दाखवायचे, एकच क्रम पुन्हा पुन्हा. मग मध्येच न सांगता क्रम मोडायचा. वर फोनचा कॅमेरा लावून काकूंचे डोळे चित्रित करायचे. शंकाबाईने अट घातली. ती घरी येणार नाही, क्रम काय आहे तो तिला सांगायचा नाही. ती नुसते डोळे बघून लिहिणार, कधी कुठे गेले ते. "आणि काका, तुम्ही त्यांच्या नजरेसमोर थांबायचं नाही. तुम्ही बघाल तिकडे त्या बघतील."

"म्हणजे मी पाठ करून उभा राहू?"

"भिंतीकडे तोंड करून."

रविवारी दुपारी लॅपटॉप चालवायला मी गेले; आधी एकदा काकूंना भेटून आले होते, ही दुसरी खेप. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पलंगाच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार. काकूंचे केस नीट विंचरलेले, नखं कापलेली, उशीच्या अभ्र्याला इस्त्री. सतरा वर्षं जिचा आवाज ऐकला ती बाई गप्प पडलेली. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखे. मी बटण दाबलं. ठिपका आला, काकूंची नजर हळूच तिकडे गेली. दुसरा आला, तिकडे गेली. मला तरी त्यात काही विशेष दिसलं नाही. मध्ये त्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. काका भिंतीला विचारत होते, "काय झालं? झोपली का?" मी म्हटलं, "विश्रांती घेतायत." अर्ध्या तासाने संपलं. काका वळले तेव्हा त्यांच्या कपाळावर चुन्याचा डाग होता.

बुधवारी सकाळी शंकाबाई थेट काकांकडे न जाता माझ्या टेबलाशी आली. तिची मान खाली होती, त्यामुळे मला वाटलं, झालं, संपलं. क्रमाशी ताडून झालेला कागद तिने पुढे केला. सहाव्या फेरीपासून काकूंची नजर ठिपक्याच्या आधी निघत होती. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. "आणि ताई, हे बघा. जिथे क्रम मोडला तिथे ठिपका आला डावीकडे, आणि काकू बघतायत उजवीकडे, जिथे तो एरवी आला असता तिथे. नऊपैकी सात वेळा चुकल्यात." तिने त्या सातावर बोट ठेवलं. "चुकल्यात म्हणून कळलं."

काकांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, खिशातल्या फडक्याने पुसला. मग आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी बाहेरच्या माणसाला सांगितलं की यंत्र तापतंय.

शंकाबाई ती शंकाबाईच. तिने काकांना बजावलं, "यावरून एवढंच कळतं की लक्षात राहतं. आपण बोलतो ते त्यांना समजतं का, ते यात नाही. ते वेगळं विचारावं लागेल." काका म्हणाले, "विचारू की." आणि लेकीला फोन करून रविवारी बोलावून घेतलं. मंगळवारपर्यंत शुश्रूषागृहाला हो-नाही कळवायचं होतं.

त्या रविवारी आम्ही पाच जण त्या खोलीत होतो. लेक दाराशी उभी, हातातली पिशवी खाली न ठेवता. शंकाबाई काकूंच्या समोर खुर्चीवर, कानाला गाणी ऐकायचे मोठे हेडफोन, म्हणजे प्रश्न तिला ऐकू येऊ नये. तिने फक्त लिहायचं, खिडकी की दार. आणि प्रश्न विचारायचे मी. का, तर काकांनी विचारलं तर त्यांना काय उत्तर हवंय ते आवाजातच कळेल, लेकीचंही तसंच. मी तिऱ्हाईत. तिऱ्हाईत कसली, प्रश्नांची यादी मी तीनदा वाचून काढली.

"काकू," मी म्हटलं, "हो असेल तर खिडकीकडे बघा. नाही असेल तर दाराकडे. कळलं ना? तुम्हाला एकच लेक आहे का?"

खिडकी.

"तुम्ही बँकेत नोकरी करत होतात?"

दार.

आठ प्रश्न झाल्यावर बाजू बदलली. आता हो म्हणजे दार, नाही म्हणजे खिडकी. पुन्हा आठ. त्यात मी मनचा एक घुसडला, "काका घोरतात का?" काकूंची नजर दारावर अशी गेली की लेक हसली, आणि हसता हसता तिच्या हातातली पिशवी खाली गेली. शंकाबाईने हेडफोन काढून माझ्या यादीशी ताडून बघितलं. सोळापैकी सोळा.

लेक पलंगाशी आली आणि आईच्या पायाशी खालीच बसली. "म्हणजे मागच्या महिन्यात मी इथे उभी राहून बाबांशी बोलले," ती म्हणाली, "आईला काही कळत नाही म्हणाले, ते सगळं..." चौदा महिने त्या खोलीत कोण काय काय बोललं असेल, कल्पना करा. मीसुद्धा एकदा भेटायला आले होते तेव्हा जाताना काकांना पलंगाशीच म्हटलं होतं, की देवाने हिला आता सोडवावं. चांगल्या मनाने म्हटलं होतं. मला त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरं, असं झालं.

काका मात्र आनंदात होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, झालं ते झालं. रडू नकोस. ती आहे ना. आता तिला पाठवायचा विषयच मिटला." मला म्हणाले, "विचार तिला. तोही विचारून टाक, म्हणजे हिच्या मनात किंतू नको."

शंकाबाईने पुन्हा हेडफोन चढवले. मी विचारलं, "काकू, तुम्हाला इथेच, घरीच राहायचंय का? हो असेल तर खिडकी, नाही तर दार."

काकूंनी आधी ना खिडकीकडे बघितलं, ना दाराकडे. त्यांनी काकांकडे बघितलं. चांगल्या पाच-सहा श्वासांइतका वेळ. मग नजर निघाली आणि दारावर जाऊन थांबली.

"थकली असेल," काका म्हणाले.

शंकाबाईला काही ऐकू येत नव्हतं. तिने कागदावर लिहिलं, दार, आणि पुढच्यासाठी मान हलवली. मी काकांकडे बघितलं. हा माणूस पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता की एकदा मोजलेलं खरं धरायचं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण स्वतःच म्हणाले, "बाजू बदल. बाजू बदलून विचार."

मी बदलून विचारलं. काकूंनी खिडकीकडे बघितलं. म्हणजे नाही.

"उलटा विचार," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"काकू, तुम्हाला त्या शुश्रूषागृहात जायचंय का? हो असेल तर दार."

दार.

माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपसूक गेला, यादीत नव्हता. "तुम्हाला काही कमी पडतंय का इथे?" खिडकी, नाही. "मग काकांना झेपत नाही म्हणून?"

दार. क्षणाचाही उशीर नाही.

"मला झेपतं," काका म्हणाले. ते पलंगाजवळ गेले, कमरेवर हात ठेवून वाकले, तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन पुन्हा म्हणाले, "ऐकतेस ना? मला झेपतं."

काकूंची नजर खिडकीवर गेली आणि तिथेच राहिली. नाही. ते तसेच वाकून थांबले, तिने परत आपल्याकडे बघावं म्हणून. मग तिने बघितलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानाकडे ओघळलं, आणि काकांनी खिशातलं फडकं काढून ते टिपलं.

लेक उठली. "बाबा, राहू दे. नाही पाठवायचं. मी इकडे बदली मागते, आपण काहीतरी करू. आत्ता कळलं आहे ना की तिला..."

"नाही," काका म्हणाले. ते खुर्चीत बसले, हळूच, कमरेला जपत. बायकोचा हात स्वतःच्या हातात घेतला. "सगळ्यांना मीच सांगत होतो ना, तिला समजतं म्हणून? मग आता ती सांगतेय ते ऐकायला नको? चौदा महिने हिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी आपला माझंच धरून चाललो होतो."

शंकाबाईने हेडफोन काढले होते. ती कागदाकडे बघून मुसमुसत होती, तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं की कुठल्या प्रश्नाला काय आलं, पण आमचे चेहरे बघून कळलं असावं.

"त्या परिचारिका बाईंना फोन कर," काका लेकीला म्हणाले. "खाट घेतो म्हणावं. आणि विचार, संध्याकाळी सहाला रोज आलो तर चालेल का."

लेकीने आईकडे बघितलं. "आई, बाबा रोज आलेले चालतील तुला?"

हो कुठल्या बाजूला आणि नाही कुठल्या, ते सांगायचं ती विसरली होती. काकूंनी कुठेच बघितलं नाही, काकांवरची नजर काढलीच नाही. शंकाबाई मला म्हणाली, "ताई, हे काय लिहू?" मी म्हटलं, "हे नको लिहूस."